काकूंनी आणलेलं तळ्याचं पाणी

महागावला बदली झाली तेव्हा कापसाची वर्षं वाईट चालली होती, आणि कुणाला कुणाशी बोलायची हौस उरली नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवायची. खोलीवर एकटी. संध्याकाळ खायला उठायची, म्हणून शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक परवानगी काढून घरी आणला.

शेजारच्या काकूंचं कापूस-तुरीचं वावर तळ्याला लागून होतं. दर रविवारी त्या माझ्या बरणीत तळ्याचं पाणी आणून द्यायच्या. त्यातले हायड्रा मी एका वाटीत पाळले होते. हायड्रा म्हणजे सुतभर जीव, पण भिंगाखाली मोठा शिकारी. एका जागी हात पसरून उभा असतो. पाण्यातली पिसू आपल्याच नादात उड्या मारत येते, त्या हाताला नुसती लागली की गपगार. तिचं काळीज आरपार दिसतं, अडकल्यावरही थोडा वेळ धडधडत असतं. मला दया यायची नाही, खरं सांगते. मी हायड्राच्या बाजूने असायची.

काकू एक डोळा मिटून बघायच्या. "मायबाई, हा तं बसल्या जागी खाऊन राह्यला." मग चहा घेऊन जायच्या. आठवड्यात माझ्या खोलीत येणारं माणूस तेवढंच.

एका रविवारी बरणी घरीच विसरल्या, म्हणून पाणी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यातून आणलं. मी ते सरळ वाटीत ओतलं. तासाभराने पाहिलं तर पिसवा कुशीवर पडलेल्या, हायड्रांचे हात आखडून नुसते गोळे झालेले. डबा नाकाशी धरला. फवारणीच्या औषधाचा वास.

माझं डोकं फिरलं. डबा घेऊन त्यांच्या दारात गेले. "एवढं कळत नाही तुम्हाला? माझं सगळं मारलंत."

काकू गोंधळल्या. "तीनदा धुतला होता जी, राख लावून. वावरात आमी त्याच्यातच पेयाचं पाणी नेतो."

मी डबा तिथेच ठेवून परत आले. रात्रभर लाज वाटत राहिली. माझं सगळं म्हणजे काय, तर वाटीभर किडे.

सकाळी माझा स्टीलचा डबा त्यांना नेऊन दिला.

"ह्याच्यात आणू काय तळ्याचं पाणी?"

"नको. वावरात प्यायला न्या. तो पांढरा डबा फेकून द्या."

त्यांनी स्टीलचा डबा ठेवून घेतला. पुढे बदली होईपर्यंत रोज सकाळी त्यांच्या हातात तो दिसायचा, आणि मला पाहून त्या तो जरा उचलून दाखवायच्या. रविवारी मात्र परत कधी आल्या नाहीत. या म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.