जानकीबाईंचं शिंकं आणि काळ्या पावत्या

भोये गुरुजींनी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली आणि सगळ्यात आधी पडलं ते नागलीचं कणीस. नागली म्हणजे तुमची नाचणी. त्यामागून सुतानं बांधलेल्या कागदांच्या सात-आठ गड्ड्या पडल्या. सगळ्या तपकिरी, आणि धुराचा वास असा की मला ओळीनं चार शिंका आल्या.

"गुरुजी, मी कागद मागितले होते, बियाणं नाही," मी म्हटलं.

"एकाच शिंक्यात असतं ताई. घाईत आलं."

मी जव्हारला लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देते. सोळा वर्षं झाली. शिक्षक, नर्स, दुकानदार, तलाठी असे सगळे माझ्याकडे येतात. खरा हंगाम जून-जुलैचा. पण मे महिन्यात मी एक काम न चुकता करते. प्रत्येक अशिलाचं पोर्टलवरचं पान उघडून बघते, कारण इन्कम टॅक्स खातं नोटीस ईमेलवर पाठवतं आणि आमच्याकडे ईमेल उघडायचा असतो हेच पुष्कळांना ठाऊक नाही. गुरुजींचं पान उघडलं आणि तिथे नोटीस. येऊन सहा दिवस झाले होते. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं.

भानगड अशी. साठीच्या पुढच्या आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधपाण्यावर केलेल्या खर्चाचा काही भाग मुलाच्या उत्पन्नातून वजा करता येतो. त्याला वजावट म्हणतात. अट एकच, खर्च रोखीत केलेला नको. गुरुजींची आई अंगणात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. पैसे कार्डानं भरले होते आणि शाळेकडून परतावा घेतलेला नव्हता. हे सगळं मी विचारून घेतलं होतं, गेल्या जुलैत पावत्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि मगच वजावट लावली होती. आता खातं म्हणत होतं, पुरावा दाखवा, नाहीतर दावा खोटा समजू.

गुरुजी जूनअखेर निवृत्त होणार होते. खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या शाळेत उभी नोकरी झालेली. सर्व्हिस बुकात लाल शाईचा एक शेरा नाही, हे ते कुणीही न विचारता सांगत. मी त्यांना समजावलं की अगदीच नाही जमलं तर वजावट सोडून देऊ, फरकाचा टॅक्स भरू, विषय संपेल.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "भरायला ना नाही, ताई. पण भरला म्हणजे मी खोटं लिहिलं, असंच झालं ना?"

वजावट सोडायचा विषय तिथेच संपला. शिवाय रिटर्न माझ्या हातचा होता. म्हणजे खोटारडे ठरलो तर दोघंही ठरणार होतो.

मी बाह्या सरसावल्या. मला पसारा बघवत नाही. नवरा म्हणतो, मी पोह्यातले शेंगदाणेसुद्धा एका बाजूला लावून खाते. मी कात्री घेतली, गड्ड्यांची सुतं फटाफट कापली आणि सगळे कागद वेगळे केले. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरून रंगीत फायली केल्या. विमा पिवळ्या फायलीत, बँक निळ्या, दवाखाना लाल. तासाभरात टेबल असं चकाचक झालं की मी स्वतःवरच खूश.

लाल फायलीत एकच कागद होता. आईंचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर हाडाची सगळी माहिती होती, पैशाचं अवाक्षर नव्हतं.

बाकी उरल्या तीसेक काळ्या पट्ट्या. कोळशानं सारवल्यासारख्या, अक्षर एक दिसत नव्हतं. दवाखान्याच्या काउंटरवर, एटीएममध्ये, पेट्रोल पंपावर मिळते ना, तसली ती गुळगुळीत पावती. तिला थर्मल कागद म्हणतात. त्यावर शाई नसतीच. कागदाच्या एका बाजूला लेप असतो, मशीन त्याला जिथे ऊब देतं तिथे अक्षर काळं उमटतं. पण जास्त ऊब लागली तर अख्खा कागदच काळा होतो.

"हे ठेवलं होतंत कुठे?"

"चुलीवरच्या शिंक्यात. तुम्हीच म्हणालात ना, जपून ठेवा."

म्हणाले होते खरी. गेल्या जुलैत, समोर आठ माणसं खोळंबलेली असताना, पावत्यांची झेरॉक्स न काढता मी गुरुजींच्या हातात त्या परत दिल्या होत्या आणि म्हटलं होतं, "घरी जपून ठेवा." आता आमच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. वाळवी आहे, उंदीर आहेत. पाड्यावरच्या घरात सगळ्यात सुरक्षित जागा कोणती, तर चुलीच्या वर. पुढच्या वर्षीचं बियाणं तिथेच टांगतात. धुरामुळे त्याला कीड लागत नाही. गुरुजींच्या मंडळींनी, म्हणजे जानकीबाईंनी, सरकारचा कागद बियाण्याच्या मानानं सांभाळला होता. दहा महिने चुलीची धग लागली आणि पावत्या काळ्या झाल्या.

मी काळ्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाले तेव्हा गुरुजींनी हात आडवा घातला. "राहू द्या ताई. ती विचारील." त्यांनी त्या मोजून खिशात घातल्या.

मग मी रीतसर मार्ग धरला. गुरुजींच्या पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट काढलं. दवाखान्याच्या नावाची एकही नोंद नाही. गुरुजी शपथेवर सांगत होते की पैसे कार्डानंच दिले. दवाखान्यात फोन लावला. तिथला क्लार्क सभ्य होता, पण घाईत होता.

"पेशंटचं नाव सांगून पैशाची नोंद निघणार नाही मॅडम. सिस्टम बदलली. जुना पावती नंबर द्या."

"नंबर असता तर पावती कशाला मागितली असती?"

"तेही खरंच," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन दिवस असे गेले. सात उरले. त्यात गुरुजींचा फोन आला. आवाज खाली गेलेला. मला वाटलं, आई आजारी वगैरे. तसं काही नव्हतं. त्यांच्या खिशातल्या सुट्या पट्ट्या जानकीबाईंनी पाहिल्या होत्या.

"ती म्हणते, ज्यांनी सुतं कापली त्यांनीच येऊन बांधून द्यावीत."

मला राग आला. एवढ्या सुंदर फायली केल्या आणि वर हा निरोप. पण चूक झाल्याचा किडाही आत कुठेतरी वळवळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फायली पिशवीत घातल्या, मोखाड्याला गेले, तिथून खोडाळ्याची जीप धरली. माझ्या मांडीवर कुणाची तरी आंब्यांची करंडी होती. पुढचे दोन किलोमीटर गुरुजींच्या मोटरसायकलवरून गेले.

जानकीबाई ओट्यावर बसल्या होत्या. बारीक चणीची बाई, डोळे मात्र धारदार. त्यांनी आधी पाणी दिलं, मग कोरा चहा दिला, आणि मग फायली मागितल्या. लाल फाईल उघडून त्यांनी डिस्चार्ज कार्ड बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"याच्या अंगाला दोन चिठ्ठ्या होत्या. हिरव्या सुतानं बांधलेल्या. कुठं गेल्या?"

त्यांना वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. सही येते तेवढीच. मी गुरुजींकडे बघितलं. जानकीबाईंना ते बघणं कळलं. "दिवसभर पाड्यातली पोरं शिकवून दमून यायचे," त्या म्हणाल्या. "मंग मला कधी शिकवणार?" गुरुजी एकदम कोंबड्या हाकायला उठले.

जानकीबाईंनी मला त्यांची पद्धत सांगितली. त्यांच्याकडे विमा, बँक, दवाखाना असले कप्पे नव्हतेच. एक गड्डी म्हातारीच्या पायाची. एक म्हशीची. एक घरावर पत्रे घातले त्याची. एक लेकीच्या लग्नाची. जो कागद ज्या कामात हातात आला, तो त्या कामाच्या गड्डीत, आणि ज्या कागदाबरोबर आला त्याला बांधून. म्हातारीच्या पायाला हिरवं सूत, म्हशीला काळं. अक्षर येत नसताना तीस वर्षांचं घर त्यांनी असं लावून ठेवलं होतं, आणि माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईनं तासाभरात त्याचा काला केला होता. मला खरोखर लाज वाटली. मी तसं म्हटलंही.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "आता हुडकू."

गुरुजींनी खिशातल्या काळ्या पट्ट्या आणून ओट्यावर टाकल्या. मी मान हलवली. तीस पट्ट्या, तीसही सारख्याच काळ्या. जानकीबाईंनी मात्र सगळ्या पट्ट्या एकेक करून उलट्या केल्या.

मागची बाजू पांढरट होती. लेप एकाच बाजूला असतो, हे मीच तर गुरुजींना समजावून सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की वाचायचं ते पुढच्या बाजूला. म्हणून एकही पट्टी मी उलटून पाहिली नव्हती. जानकीबाईंना दोन्ही बाजू सारख्याच. काही पट्ट्यांच्या मागे पेट्रोल पंपाची जाहिरात होती, पुष्कळशा कोऱ्या होत्या. दोन लांब पट्ट्या त्यांनी बाजूला काढल्या. त्यांच्या मागे निळा गोल शिक्का होता, आणि शिक्क्याखाली बॉलपेननं आकडे.

"ह्या म्हातारीच्या. तिथल्या पोरीनं शिक्का मारून मागं लिवलं होतं. मी बघत होते ना."

मी चष्मा चढवला. शिक्का त्या दवाखान्याचा. खालचे आकडे म्हणजे पावती नंबर आणि तारीख. दोन्हींवर.

मी तिथूनच फोन लावला. रेंजसाठी गोठ्यामागच्या उंचवट्यावर उभं राहावं लागलं. क्लार्क तोच होता. नंबर सांगितले. पलीकडे जरा वेळ टकटक ऐकू आली.

"सापडलं मॅडम. दोन्ही कार्ड पेमेंट. डुप्लिकेट पावती मेल करतो."

मी उंचवट्यावरून ओरडून ही बातमी दिली. गुरुजी कोंबड्या सोडून आले. पण माझ्या डोक्यात दुसरा खिळा होताच. कार्ड होतं, तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नोंद का नाही? मी हे बोलून दाखवलं. जानकीबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "यांचं निळं कार्ड मशीननं घेतलं नाय. दोनदा घातलं. मंग हिरवं दिलं."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. मोखाड्यातल्या दुसऱ्या बँकेत त्यांचं एक जुनं खातं होतं. भाताचे पैसे त्यात जमा होत, लेकीच्या लग्नानंतर त्याचं पासबुक भरलंच नव्हतं, म्हणून ते ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे हिरवं सूतही उगाच हिरवं नव्हतं. गुरुजी म्हणाले, हे तू आधी का नाही सांगितलंस? त्या म्हणाल्या, विचारलं कुणी?

गरम नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण खाऊन आम्ही मोखाडा गाठला. पासबुक भरून घेतलं. दोन्ही तारखांना दोन्ही रकमा तिथे होत्या. संध्याकाळच्या आत दवाखान्याचा मेल आला. पाच दिवस हातात राखून मी उत्तर पाठवलं. डिस्चार्ज कार्ड, डुप्लिकेट पावत्या, पासबुकाचं पान. काळ्या पट्ट्या काही जोडल्या नाहीत. खात्याला ते समजावत बसणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

गुरुजींच्या निरोप समारंभाला चार दिवस राहिले असताना पोर्टलवर खात्याचं उत्तर आलं. पुरावा मान्य, प्रकरण बंद. मी त्याची प्रिंट काढून समारंभालाच घेऊन गेले. गुरुजींनी ती दोनदा वाचली, शाल-श्रीफळ बाजूला ठेवून घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. भाषणात मात्र त्यांनी या प्रकरणाचा उल्लेख केला नाही. म्हणाले फक्त एवढंच, की मी तीस वर्षं वाचायला शिकवलं, पण कागद कसा बघायचा ते या वर्षी घरात शिकलो. लोकांना काही कळलं नाही. बायकांच्या रांगेत बसलेल्या जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला.

समारंभ संपल्यावर त्यांनी गुरुजींच्या खिशातून ती प्रिंट काढून घेतली आणि मला विचारलं, "ह्यो काळा होईल का?"

नाही होणार, मी म्हटलं, ही शाई वेगळी. त्यांनी तरीही कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मग कमरेच्या पिशवीतून हिरवं सूत काढून माझ्या हातात दिलं. मी खुर्चीवर बसून प्रिंटची सुरळी केली आणि त्यांच्या देखत गाठ मारली. एक गाठ त्यांना सैल वाटली. ती त्यांनी पुन्हा मारायला लावली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. कुठलीही पावती परत देण्याआधी तिची झेरॉक्स काढते, दोन्ही बाजूंची. आणि "जपून ठेवा" असं नुसतं कुणालाही सांगत नाही. कुठे ठेवणार, ते आधी विचारते.