ठंडीवाली

बाबा सिगारेटला सिगारेट म्हणत नसत, ‘ठंडीवाली’ म्हणत. “माही ठंडीवाली कुठं ठेवली वं?” असं आईला विचारायचे, जसं कुणी खोकल्याचं औषध मागावं.

बाबा पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्टीवर. ड्युटीवरून आले की घशातली धूळ उतरावी म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकायचे आणि त्यावर पुदिन्याच्या वासाची, घसा गार करणारी ती सिगारेट. सकाळी खोकून खोकून बेजार व्हायचे, पण दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, “एक ओढली का खोकला बंद. डॉक्टर काय वेगळं करन?”

मी तेव्हा तंबाखूविरोधी पत्रकं वाटत फिरत होते. सिगारेटमधल्या रसायनांची लांबलचक यादी, मीच लिहिलेली. सिव्हिक सेंटरच्या बाजारात वाटून उरलेलं एक बाबांपुढे ठेवलं. चष्मा लावून वाचलं अन् हसले.

“अमोनिया? अवं, आमी त भट्टीच्या गॅसमधून काढून त्याचं खत बनवतो. मले अमोनिया शिकवून राहिली?”

“तंबाखूत घालतात बाबा, निकोटिन लवकर चढावं म्हणून. साखर घालतात, धूर घशाला लागू नये म्हणून.”

“मंग माह्या गुळानं काय बिघडवलं?”

आई फसकन हसली. माझं पत्रक तिथंच मेलं.

बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, मीठ, सगळं छापावं लागतं. सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, पण आत काय मिसळलंय त्याचा एक शब्द नाही. बाबांच्या पाकिटाचा हिरवा रंग तेवढा थेट खोकल्याच्या गोळीचा. तो काय चुकून आला? धूळ गिळणाऱ्या माणसाच्या घशाला काय हवं असतं, हे सिगारेट कंपनीतल्या कुणीतरी एसीत बसून नीट ओळखलंय.

एका रविवारी आमच्या रिसालीतल्या नेहमीच्या पानटपरीवर ठंडीवाली संपली होती. बाबा साधी घेऊन आले. अंगणात दोन झुरके मारले आणि खोकला जो सुरू झाला तो थांबेचना. आईनं पाणी दिलं, ते नाकातून आलं. एक हात भिंतीला, डोळे लाल.

थांबल्यावर थोटकाकडे बघत म्हणाले,

“म्हणजे एवढा खोकला रोजच होता?”

“होता. ठंडीवालीनं घसा बधिर करून ठेवला होता,” मी म्हणाले.

“अलार्मची वायर कापली म्हण ना,” बाबा म्हणाले. “आमच्याकडं कोणी गॅसचा अलार्म असा बंद केला असता, त दुसऱ्या दिवशी मॅनेजमेंटची चार्जशीट भेटली असती.”

सोमवारी दवाखान्यात जायला ते आपणहून माझ्या स्कूटीवर मागे बसले. एक्स-रेच्या रांगेत त्यांनी माझ्या पिशवीतलं पत्रक काढलं, यादीवर पेनानं आडवी रेघ मारली.

“हे कोणी वाचत नाही. अलार्मचं लिही. अन् चार्जशीट कोणाले द्याची, तेही लिही.”

तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला. पत्रक माझ्या हातात देऊन ते खोकत आत गेले.