मनोरीच्या जेट्टीवर चमच्याने धरलेला जिताडा

मनोरीवरच्या माझ्या जुन्या लेखाखाली एका वाचकाने विचारलंय, "ताई, त्या जेट्टीवर गळ टाकून मासे मिळतात का हो?" मिळतात की! आता किती मिळतात ते देव जाणे, पण मला मिळालाय. मला. हा 'मला' जरा जोरात वाचा, कारण जवळजवळ चाळीस वर्षं झाली, आमच्या नात्यागोत्यात हे कुणी मान्य करायला तयार नाही.

गिरणीसंपानंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. माझे वडील, दादा, मूळचे मालवणकडचे. गिरणी सुटली आणि ते एका हार्डवेअरच्या दुकानात लागले. मी साकीनाक्याला ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचे. शेजारच्या गाळ्यात मिलिंद टर्नर होता. जालन्याकडचा, बौद्ध घरातला, कामात एक नंबर आणि बोलण्यात अगदीच कच्चा. लग्न करीन तर याच्याशीच, असं मी घरी सांगून टाकलं. आईने दोन दिवस अंथरूण धरलं.

मिलिंद एकदा घरी येऊन गेला. चहा प्याला, पाया पडला. तो गेल्यावर आईने त्याचा कप धुतला आणि फळीवर बाजूला, वेगळा ठेवला. मी पाहिलं, दादांनीही पाहिलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्री जेवून उठताना दादा म्हणाले, "आयतवारा घेवन ये त्याका जेटीर. बघूया."

इथे दादांबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे त्यांचं ठाम मत होतं की गळ टाकून बसला की माणूस कळतो. दुसरी, माशाच्या बाबतीत ते कधीही खोटं बोलत नसत. जेट्टीवरचा प्रत्येक माणूस वीतभर मासा हातभर करून सांगतो. दादा रिकाम्या हाताने आले, वाटेत बाजारातून बांगडे घेतले, तर अख्ख्या चाळीला ओरडून सांगायचे, "इकत घेतलंय हां!" आईला त्याची लाज वाटायची.

तर रविवार. नवरात्र होऊन गेलेलं, हवा छान कोरडी. द्वादशी होती. तुम्ही जाणार असाल तर हे लिहून घ्या: तिथीची पाऊण पट केली की साधारण भरतीची वेळ निघते. द्वादशीला नऊ. आणि जिताडा चावतो तो पाणी वळताना. म्हणजे साडेसातपर्यंत जेट्टीवर बूड टेकलेलं पाहिजे. घाटकोपरहून अंधेरीची पहिली बस धरली. साकीनाक्याला मिलिंद चढला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून! मासे धरायला! मी कपाळावर हात मारला. अंधेरीहून मालाड, मालाडहून मार्व्याची बस, मग खाडी ओलांडायला तर. तरीला तेव्हा माणशी आठ आणे होते बहुतेक.

मार्व्याला दादांनी एका कोळणीकडून डबाभर जिवंत कोळंबी घेतली, आमिषाला. तिने मिलिंदकडे बघून विचारलं, "जावय हाय का तुमचा?"

"नाय," दादा म्हणाले.

एवढंच. खोटं नव्हतंच ते. मिलिंद खाडीकडे बघत राहिला.

जेट्टी दगडी, टोकाशी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, खालच्या शेवाळाने हिरव्यागार. पलीकडे खारफुटी. दादांनी बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सोडला, गळाला कोळंबी शेपटीकडून टोचली, म्हणजे ती जिवंत राहते, आणि बिडी पेटवून बसले. आता मिलिंदने पिशवीतून दूध पावडरचा रिकामा डबा काढला. त्यावर तंगूस गुंडाळलेला आणि टोकाला स्टीलचा चमचा. दांडा कापलेला, भोकं पाडलेली, खालच्या भोकात गळ, बफच्या चाकावर घासून आरशासारखा चकचकीत. पाण्यात ओढला की चमचा लचकत येतो आणि मोठ्या माशाला वाटतं, बोय मासोळी चाललीय. कारखान्यातल्या कुणीतरी त्याला हे सांगितलं होतं. पठ्ठ्याने असे तीन चमचे बनवून आणले होते.

दादांनी एक चमचा उलटासुलटा करून बघितला. "माशाक चमचो? जेवक बोलयतंस काय त्याका?"

मला हसू फुटलं आणि लगेच रागही आला. मिलिंद म्हणाला, "बघू ना काका, ट्राय करायला काय जातंय." त्याने गरगरा फिरवून चमचा फेकला. पहिल्याच फेकीला तो पाण्यातल्या कुठल्यातरी खुंटाला अडकला आणि गेला. अर्ध्या तासाने दुसरा गेला. मिलिंद सारखा उभा, सारखा फेकतोय, ओढतोय, फेकतोय.

"गप बस मरे जरा," दादा करवादले. "मासो पळान जातलो."

"काका, चमचा बसून चालत नाही. हलवत राहिलं तरच खरा वाटतो."

दादांनी धूर सोडला. मग विचारलं, "गावाक न्हंय आसा?"

"नदी आहे. पण उन्हाळ्यात नावापुरती. डबक्यात राहिलेले मासे आम्ही हाताने धरायचो."

"हातान?" दादांनी पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवून बघितलं. तेवढंच.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पाणी वळलं. दादांना दोन खरबे मिळाले, बोटभर, आणि एक खेकडा, तोही सुटला. माझी पुरती वाट लागली होती. मनात म्हटलं, संपलं. आता हे घरी जाऊन 'नाय' म्हणणार, जसे कोळणीला म्हणाले तसेच. आणि दादांचा 'नाय' एकदा निघाला की ब्रह्मदेव आला तरी बदलत नसे.

"चहा आणतो," असं म्हणून मिलिंदने डबा माझ्या हातात दिला आणि जेट्टीच्या तोंडाशी टपरी होती तिकडे गेला. नुसतं बसून काय करायचं, म्हणून मी शेवटचा चमचा फेकला. फेकणं काही मला जमलं नाही, पण ओढणं? अहो, दिवसभर मी तेच करायचे! केसाएवढी तार, एकसारखा ताण, बोटावर. चार वाव दोरा ओढला असेल, आणि कुणीतरी हिसका मारला.

"दादा!"

पाणी फुटलं आणि मासा वर आला, अख्खा, हवेत, तोंड वासून डोकं झाडत. रुपेरी, पाठीवर काळपट. आम्ही जिताडा म्हणतो, दादा चोणक म्हणायचे. माझ्या मांडीपेक्षा मोठा, आणि हे मी दादांची मुलगी म्हणून सांगतेय.

"ढील दी! ढील दी गो!" दादा उभे राहून ओरडत होते. पण माझ्या हातातला तंगूस घ्यायला काही पुढे आले नाहीत. ज्याच्या गळाला लागला त्याचा मासा, हा त्यांचा नियम. मी ढील दिली. तार तुटायच्या आधी बोटाला सांगते, तसंच हे. तो ओढायचा, मी सोडायची. तो दमायचा, मी गुंडाळायची. बोट कापलं, रक्त आलं, पण सोडला नाही.

मासा पायऱ्यांपाशी आला. वर उचलायला गेलं तर तंगूस तुटणार. जाळी नाही. मिलिंद तीन ग्लास घेऊन येत होता. ते बघून दोन तिथेच सांडले, तिसरा कसाबसा दगडावर ठेवला, आणि हा गडी इस्त्रीच्या शर्टात सरळ शेवाळलेल्या पायऱ्या उतरला.

"गालफडाक हात लावू नको रे! कापात तुका!" जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण म्हणजे ब्लेडच. दादांनी खांद्यावरचा पंचा फेकला. मिलिंदने पंचा माशावर टाकून त्याला कवेत घेतलं, अगदी डबक्यातला धरावा तसं, आणि त्याचा पाय सटकला. कमरेपर्यंत पाण्यात. पोहता येत नव्हतं त्याला! मी किंचाळले.

पण दादा दोन पायऱ्या खाली पोहोचले होते. त्यांनी त्याचं मनगट पकडलं. "भियाव नको. मी धरलंय तुका." मिलिंदने मासा सोडला नाही आणि दादांनी मिलिंदला सोडलं नाही. मी वर तंगूस धरून वेड्यासारखी रडत होते.

वर आल्यावर तिघेही धापा टाकत बसलो. मिलिंदचा तळवा कापला होताच. दादांनी पंच्याची चिंधी फाडून बांधली. चहा एकच ग्लास उरला होता. दादांनी अर्धा प्याला आणि तोच ग्लास मिलिंदच्या हातात दिला. फळीवरचा तो कप मला आठवला. दादांनाही आठवला असणार, कारण ते माझ्याकडे बघेनात.

घरी परतताना मासा दादांच्या हातात, गोणपाटातून शेपूट बाहेर. बसमध्ये लोक विचारत होते, कितीला पडला? दुपारी चाळीत शिरलो. मिलिंद जिन्यापाशीच थांबला, म्हणाला, "मी निघतो." दादा म्हणाले, "खंय? जेवान जा." आणि ते गॅलरीतून पुढे निघाले. रविवार, सगळी दारं उघडी. आई आमच्या दारात उभी. शेजारच्या काकू धावत आल्या. "अगो बाय! केवढो ह्यो! कोणी धरल्यान?"

मी तोंड उघडलं. 'मी' म्हणणार, एवढ्यात दादा आईकडे बघून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावयान."

मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मिटलं असेल. आई पदराला हात पुसत आत गेली आणि पाट मांडू लागली. चार.

तुम्ही मनोरीला जरूर जा. मार्व्याची तर अजून चालते असं ऐकते. द्वादशीच्या आसपास जा, पायऱ्यांवर जपून उतरा, जाळी न्या आणि पांढरा शर्ट घालू नका. तो वाकडा झालेला चमचा आमच्या मुलुंडच्या घरात देवघरात नाही, पण बुद्धाच्या मूर्तीशेजारी आहे. मिलिंद लग्नकार्यात आजही प्रामाणिकपणे सांगतो, "हिने धरला होता." लोक हसतात, म्हणतात, बायकोला घाबरतो बिचारा.

दादांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसून एकदा विचारलंच, "दादा, आता तरी खरं सांगा. तो चोणक कोणी धरला होता?"

ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. तंगुसाची खूण आहे अजून. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"जावयान," म्हणाले.