शेपटीतलं पाणी

हवाई दलात विमानांचे सांगाडे दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर माणसानं गावी येऊन गप ऊस लावावा. मी लावलाही होता. पण पाटणकडच्या एका बागायतदारांनी दोन माणसांचं हलकं विमान घेतलं, आणि आसपास विमानाला हात लावलेला मी एकटाच, म्हणून देखभालीला मला बोलावलं. त्यांना सगळे दादा म्हणत. मीही म्हणायचो, वयानं ते माझ्याहून लहान असले तरी.

विमान देखणं होतं. पत्र्याचं नव्हे. काचतंतूंचं कापड राळेत भिजवून केलेल्या दोन पातळ साली आणि मधे फोम.

"गंजत न्हाई म्हंजे पावसाची काळजी मिटली," दादा म्हणाले.

पाटणच्या पावसाला हे कुणीतरी कळवायला हवं होतं.

बंदिस्त, हवेशीर शेड बांधा, असं मी सुरुवातीलाच सांगितलं. दादांच्या खिलार बैलांच्या गोठ्यात पंखे होते. विमानाला मिळाली ताडपत्री. तिच्याखाली वारा लागत नाही, आतली ओल आतच राहते. पण वरून कोरडं दिसतं, आणि दादांना तेवढं पुरे होतं.

त्या पावसाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी सांगलीला लेकीकडे होतो. दसऱ्यानंतर परतलो. दादांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि मांडवावर विमानातून फुलं टाकायची ठरलेली. विमान चालवायला साताऱ्याचे एक निवृत्त कॅप्टन यायचे. त्यांच्याबरोबर मी एक फेरी मारली. उतरल्यावर ते म्हणाले, "शेपूट जड लागतंय हो."

"बरेच दिवस उडवलं नाही, म्हणून वाटत असेल," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा हा अर्क.

सकाळी मात्र मनाला ते टोचायला लागलं. रुपयाचं नाणं घेऊन शेपटी ठोकत गेलो. सगळीकडे टणटण आवाज. शेपटीवरच्या आडव्या हलत्या फळीशी आलो, जिच्यामुळे विमानाचं नाक वरखाली होतं, आणि तिथं आवाज बसला. ओल्या पोत्यावर ठोकावं तसा. वाकून बघितलं. त्या फळीला खालून बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी गळून जावं म्हणून. ती बुजवलेली होती. वर छान रंगही दिलेला.

"दादा, ही भोकं कुणी बुजवली?"

"म्या स्वता! गाडीची पुट्टी व्हती. म्हनलं, पानी शिरंल त्यातनं." वर्गात पहिल्या आलेल्या पोरासारखे ते उभे होते.

"दादा, पाणी वरच्या सांध्यातनं शिरतं. ही बाहेर जायची वाट होती."

"थोडं पानी असंल. उन्हानं वाळंल की. लगीन हुंदे."

मी वाद घातला नाही. हातड्रिलनं एका भोकातली पुट्टी काढली. पाण्याची धार लागली. दादांच्या आई कठड्यावर बसल्या होत्या. त्यांनी तांब्या पुढे केला. तो भरला. मग बादली आणली.

"आवं, ही फळी जड झाली की काय हुतं?" त्यांनी मला विचारलं.

"वेगात फडफडायला लागते. मग शेपूट तुटतं."

त्या लेकाकडे वळल्या. "ह्यात बसून माझ्या नातीवर फुलं टाकनार व्हतास व्हय रं?"

  मी आदल्याच दिवशी ह्यात बसून आलो होतो.

फुलं शेवटी जेसीबीच्या बकेटमधून पडली. फोटो उत्तम आले.

ती फळी वाया गेली. कापली तर आतला फोम भिजलेल्या पावासारखा, सालीपासून सुटलेला. विमान बनवणाऱ्या कारखान्याकडून नवी मागवली. पंखांत ओल कमी होती, पण पाटणच्या धुक्यात ती वाळायची नाही. म्हणून पंख सोडवले, गाद्यांवर ठेवून ट्रकनं आटपाडीच्या कोरड्या माळावर नेले. तिथं माझ्या साडूंचं घर. त्यांच्या वडिलांचा सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. पंख बघून म्हातारबांनी विचारलं, "पावनं, हे वाळवून खायाचं हाय का?"

मी समजावलं. कडक ऊन नको, राळ मऊ पडते. सावलीतला कोरडा वारा हवा. त्यांनी मेंढरांचा वाडा रिकामा केला, वर पांढरं धोतर ताणलं आणि रोज दोनदा पंख उलटवले. लाखांच्या यंत्राची इतकी नीट देखभाल आजवर कुणी केली नव्हती, मी धरून. होळीच्या सुमारास पंखांचं वजन विमानाच्या पुस्तकात लिहिल्याएवढं भरलं. पंख आणि नवी फळी बसवल्यावर तपासनीस इंजिनीअरनं ओल मोजायचं यंत्र सगळीकडे फिरवलं, सही केली, आणि कॅप्टनांनी विमान उडवलं.

"आता हलकं लागतंय," ते म्हणाले. ह्या खेपेला मी मान डोलावली.

दादांनी आता शेड बांधलीय, भिंती, पंखे, सगळं. माणूस सुधारला म्हणून मी घरी सांगतही सुटलो. गेल्या आठवड्यात गेलो, तर विमानासमोर ट्रॅक्टर धुवायचा जोराच्या फवाऱ्याचा पंप जोडलेला.

"म्हनलं, सांध्यासांध्यातली धूळ काढू," दादा म्हणाले.

त्या पंपाची नळी सध्या माझ्या घरी आहे. ते शोधतायत.