रॉकेलच्या डब्यांची भुतं

आमच्या घरातली भुतं मी स्वतःच्या हातांनी केली होती. त्याआधी घरात भुतं नव्हती. निदान आईचं तरी तसं म्हणणं होतं.

लढाईचे दिवस होते. नेवाशाजवळच्या आमच्या गावात मिशनचा दवाखाना होता आणि तिथे मी हंगामी कंपाउंडर होतो. हंगामी म्हणजे मडमसाहेब खूश झाल्या तर कायम, नाही झाल्या तर परत मामाच्या दुकानात मिरच्या तोलायला. (मला मिरचीने शिंका येतात.) अशात दिवाळीच्या सुमाराला मडमसाहेबांनी मला बोलावलं. बाई अमेरिकेच्या, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

"सातपुते, आमच्या देशात या दिवसांत भुतांचा सण असतो. भोपळा कोरून, आत दिवा ठेवून भयंकर मुखे करतात. तुम्ही रिकाम्या डब्यांची करू शकता काय? परवा सायंकाळी नगरची मुले येणार. त्यांना भय वाटले पाहिजे."

"वाटलंच म्हणून समजा!" मी म्हणालो. आयुष्यात तोवर मी कोंबडीही घाबरवली नव्हती.

घरी आईला सांगितलं.

"भुतांचा सण? आपण सर्वपित्रीला त्यांना जेवायला घालून वाटेला लावतो, आणि ही माणसं दिवे लावून बोलावतात?"

"आई, नोकरीचा प्रश्न आहे."

मी रॉकेलचे डबे, तुपाचा डबा, लोणच्याची मडकी, जे रिकामं दिसेल ते उचललं आणि खिळा-हातोडी घेऊन डोळे फोडायला बसलो. रॉकेलच्या डब्याचं नाक तर फारच सुरेख जमलं. तेवढ्यात आई रेशनच्या रांगेला निघाली.

"सतू, डबा कुठाय?"

मी दाखवला. आईने डब्याकडे पाहिलं, डब्याने आईकडे पाहिलं.

"आता रॉकेल कशात आणू? नाकातून गळेल की रे मेल्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना काजळी फासली, चुन्याने दात काढले, गेरूने जिभा रंगवल्या, ओसरीला वाळत टांगलं आणि दवाखान्यात गेलो. चूक इथे झाली. काळं भेसूर तोंड दाराला टांगलं की आमच्याकडे कुणी घाबरत नाही. ते दृष्ट लागू नये म्हणून असतं!

संध्याकाळी येऊन बघतो तर ओसरी मोकळी.

"शेजारच्या चंद्राक्काने एक नेलं," आई शांतपणे म्हणाली. "म्हशीला दृष्ट लागली होती तिच्या. डबा गोठ्याला बांधला आणि म्हशीने पान्हा सोडला! मग काय, गल्लीभर बोभाटा. लोक दारात आल्यावर नाही कसं म्हणायचं?"

मी धावत गोठ्याकडे.

"आक्का, डबा द्या परत. नोकरी जाईल माझी!"

"न्या की. पर आमच्या म्हशीची दिष्ट बसलीय त्यात. उद्या तुमचंच दूध आटलं तर मला सांगू नगा."

"मला कुठलं आलंय दूध, आक्का?"

"मग पगार आटंल!"

मी हात मागे घेतला. नेमका तोच आटायला नको होता! दारोदार फिरलो, सगळीकडे हेच उत्तर.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परसात बसून घरातला शेवटचा डबा घाईघाईने डांबराने रंगवत होतो. मुखं आली नाहीत म्हणून मडमसाहेब स्वतःच मुलांना घेऊन गल्लीत आल्या. बघतात तर दारोदार भयंकर मुखं, खाली पणत्या! दारात पोरं आलेली बघून बाया ओंजळी भरभरून शंकरपाळे घालताहेत!

"अगदी आमच्या देशासारखे!" मडमसाहेबांचा आवाज परसात ऐकू आला. "परंतु मुले हसत आहेत. सातपुते, भय कोठे आहे?"

"आलो, मडमसाहेब!" म्हणत मी तसाच बाहेर धावलो. तोंडाला डांबर, केसांत चुना, हातात हातोडी.

पोरांनी शंकरपाळे टाकून जी किंकाळी फोडली, ती ऐकून म्हशीने दावं तोडलं.

"हेच!" मडमसाहेब टाळ्या वाजवत म्हणाल्या. "हेच बंगल्यावर आणा!"

पाहुणे जाईपर्यंत मी बंगल्याच्या व्हरांड्यात कंदील धरून उभा होतो. नोकरी कायम झाली. दरवर्षी उभं राहण्याचं काम तिच्यातच धरलेलं होतं. पुढच्या वर्षी डांबर मिळालं नाही, म्हणून नुसतं तोंड धुऊन गेलो.

मुलं तितकीच घाबरली.