सातव्या जोडाखालचा टेकू

लेव्हलमामांना हे नाव पडलं ते त्यांच्या खिशातल्या पाणसळीमुळे. पाणीखात्यात तीस वर्षं त्यांनी पाइप टाकले. पाइपचा उतार नजरेने सांगायचे आणि मग पाणसळ लावून स्वतःलाच शाबासकी द्यायचे. बिडाचा जड पाइप चरात उतरवला की जोडाशी तो थोडा खाली बसतो. तिथे वीट किंवा दगड सारून तो उचलायचा. कागदावर या टेकूला परवानगी नाही, पण चरात सगळेच तो देतात.

सव्वीस वर्षांपूर्वी बाजारामागच्या गल्लीत चर खणताना मामांच्या फावड्याला एक गंजलेलं लोखंड लागलं. हातभर लांब, एका टोकाला निमुळतं, बुडाशी तांब्याची पट्टी. जुन्या युद्धातल्या तोफगोळ्याचं चित्र खात्याने प्रशिक्षणात दाखवलं होतं. असं काही दिसलं की हात लावायचा नाही, काम थांबवायचं, माणसं लांब न्यायची आणि पोलिसांना कळवायचं, हा नियमही पाठ होता. कळवलं असतं तर चार दिवस काम बंद आणि वस्तीला पाणी नाही. मुकादम वरून म्हणाला, "भंगार आहे रे. बघत काय बसलास?"

सातव्या जोडाला टेकू हवा होता. त्या लोखंडाची उंची नेमकी जुळली.

"मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही," मामा सांगतात. "दगड मी टाकतो. तो मी ठेवला. दोन्ही हातांनी, श्वास रोखून."

मामा निवृत्त झाले, लेकीकडे राहायला आले. जावई एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, उद्यापासून तुमच्या बाजारामागच्या गल्लीत. सगळे पाइप उपटून नवे टाकायचेत. बघू या, तुमची लेव्हल टिकलीये का."

मामा हसले. ताटातलं संपवलं आणि उठले.

सोमवारी ते बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी जावई डबा घेऊन निघाला तेव्हा "जपून" एवढंच म्हणाले. लेक म्हणाली, "आज काय विशेष? एरवी तर त्याच्या कामाला नावं ठेवता." बुधवारी त्यांनी विचारलं, किती जोड झाले. तीन. गुरुवारी विचारलं. पाच.

शुक्रवारी सकाळी मामा गल्लीत गेले. काँक्रीट फोडायचं मशीन सहाव्या जोडावर होतं. मशीनवाला वरून म्हणाला, "या मामा. सल्ला फुकट आहे की चहा पाजावा लागेल?"

"मशीन बंद कर."

"हा सल्ला की हुकूम?"

"बंद कर आणि पळ." जावई चरात उभा होता. मामांनी त्याला हाक मारली. "जावईबापू, वर या. पुढच्या जोडाखाली तोफगोळा आहे. मीच ठेवलाय."

तासाभरात गल्ली रिकामी झाली. शिंप्याने कात्री टाकली, दवाखान्यातले रुग्ण चालत बाहेर आले. बॉम्बनाशक पथकाच्या प्रमुख बाईंनी दोनच माणसं आत पाठवली. त्यांनी हाताने, ब्रशने माती काढली, पाइप वरच्या वर आधाराने धरला आणि गोळा सोडवून वाळूच्या पेटीत ठेवला. दुपारी गावाबाहेरच्या बंद खाणीत तो उडवला. आवाज गल्लीपर्यंत आला.

बाई नोंदीचा कागद घेऊन बसल्या. "कसं कळलं तुम्हाला?"

जावईच घाईने म्हणाला, "जुनं काम आहे, मॅडम. बाबांना आज एकदम आठवलं."

"आठवलं नाही," मामा म्हणाले. "विसरलोच नव्हतो. लिहा तसं."

बाईंनी तसंच लिहिलं. मग विचारलं, "अजून किती?"

"एकच होता."

त्यांनी मामांकडे पाहिलं आणि उरलेले एकवीस जोड हाताने उघडायचा आदेश काढला.

घरी लेकीने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "सव्वीस वर्षांचं मी समजू शकते, बाबा. तेव्हा घाई असेल. पण हे पाच दिवस? मी डबा भरत होते आणि तुम्ही समोर बसून बघत होतात."

मामांना वाटलं होतं, मशीन खराब होईल, पाऊस येईल, ठेका रद्द होईल. तिला हे सांगण्यासारखं नव्हतं.

आता रोज एक जोड उघडतात. पथकाचा माणूस आधी उतरतो, त्याने खूण केली की जावई. आतापर्यंत विटा निघाल्यात, दगड निघालेत. डबा मात्र जावई नेत नाही. पहिल्याच सकाळी लेकीने तो मामांच्या हातात दिला. "तुम्हीच पोचवा. आणि जोड उघडून होईपर्यंत तिथेच थांबा."

मामा थांबतात. काल एकविसातला नववा उघडला. वीट होती.