दुपारी चारचा रॉक क्लब

भारतातल्या रॉक संगीताचा इतिहास उद्या कोणी लिहिला, तर त्यात आमच्या मामेसासऱ्यांचं नाव येणार नाही, आणि तेवढ्यापुरता तो इतिहास साफ खोटा असेल. मामा, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, जन्माने दिल्लीच्या करोल बागेतले, नोकरीने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीतले, आणि गाण्याच्या बाबतीत कुठलेच नव्हते. सा आणि प यांतला फरक त्यांना कळत नसे. पण गाणं सुरू झालं की संपेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा धर्म. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा ठरलेला ऑर्केस्ट्रा आलाच नाही, म्हणून कोणीतरी कॉलेजची तीन गिटारवाली पोरं स्टेजवर चढवली. दुसऱ्या गाण्याला मंडप रिकामा झाला, तिसऱ्याला आता गणपतीही उठून जातो की काय अशी भीती वाटू लागली. पहिल्या रांगेत एकटे मामा गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते. घरी जाताना मामींनी विचारलं, एवढं काय कळलं त्यातलं? मामा म्हणाले, "कळायचं काय त्यात? शेवटपर्यंत ऐकणारा एक तरी माणूस समोर हवा. नाहीतर त्या पोरांना तरी कसं कळणार, गाणं संपलं कुठे ते?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी गुडगावच्या एका नव्या सेक्टरमध्ये घर बांधलं. गुडगाव तेव्हा अर्धं मोहरीचं शेत आणि अर्धं काचेचं होतं. नळाला पाणी नव्हतं, पण मॉलला सरकते जिने होते. घराखाली प्रशस्त तळघर निघालं. नातेवाईक म्हणाले, कोचिंग क्लासला भाड्याने द्या. मामांनी मंडळाच्या तीस जुन्या घडीच्या खुर्च्या आणल्या आणि रॉक क्लब काढला. नियम दोनच. पहिला, गाणं स्वतःचं हवं. कोणी प्रसिद्ध इंग्रजी गाणं सुरू केलं की मामा हात वर करून ते थांबवत आणि म्हणत, "बेटा, वो जिसका है, वो गा लेगा. तू तेरा गा." दुसरा नियम, पहिला कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येक बँडचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. शाल एकच होती, मामांच्या निरोप समारंभातली, त्यामुळे नारळ घरी न्यायचा आणि शाल परत करायची अशी पद्धत होती. फाटक्या जीन्समधला, कानात तीन बाळ्या घातलेला गायक ती शाल पांघरून मामींच्या पाया पडायचा आणि मामी त्याच्या हातावर पोह्यांची बशी ठेवायच्या. मग मामांचं आभारप्रदर्शन. त्यात जनरेटरवाल्याचेही आभार असत, कारण वीज गेली की बँडपेक्षा जनरेटरच जास्त ऐकू येई.

आता माझा पराक्रम सांगतो. मी नुकताच पुण्याहून आलेला, गुडगावच्याच एका कॉल सेंटरमध्ये नोकरभरतीचा साहेब. इंग्रजी बोलणारी पोरं शोधून शोधून माझे बूट झिजले होते. एका शनिवारी बायकोच्या आग्रहावरून मामांच्या तळघरात उतरलो आणि मला खजिनाच सापडला. जी पोरं जन्मात पानिपतच्या पलीकडे गेली नव्हती, ती अस्सल अमेरिकन उच्चारात रडत होती. मी खुर्च्यांमधून फिरून कार्डं वाटली. सहा महिन्यांत अकरा पोरं कामाला लावली, कंपनीने मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं, आणि मी ते घड्याळ घेऊन मोठ्या दिमाखात मामांना दाखवायला गेलो. मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "त्या अकरांत ड्रमवाले किती?" मी म्हणालो, चार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की क्लबच्या खुर्च्या हल्ली रिकाम्या का असतात. रात्रपाळीची गाडी साडेसहालाच पोरांना उचलून नेई आणि सातच्या क्लबला अर्धाच बँड उरे.  मामांनी फक्त क्लबची वेळ संध्याकाळी सातवरून दुपारी चारवर आणली. उन्हात डोळे चोळत, चहाबरोबर रॉक ऐकणारे लोक जगात बहुधा आमच्याच सेक्टरमध्ये होते.

या क्लबचा लाडका बँड 'टँकर'. आठवड्यातून तीनदा दारात उभ्या राहणाऱ्या पाण्याच्या टँकरवरून पोरांनी ते नाव घेतलं होतं. मामा म्हणत, निदान उपयोगाचं नाव आहे. त्यांचा ड्रमवाला गुरप्रीत माझ्याच कंपनीत 'गॅरी' या नावाने अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या खात असे. वडील मानेसरच्या कारखान्यात होते, तो कारखाना अर्धा बंद पडलेला, म्हणून घर याच्यावर. त्याची गाडी दोनदा चुकली होती. तिसऱ्यांदा चुकली की नोकरी जाणार, हा नियम मी स्वतः टाइप केला होता.

आणि नेमका मुंबईहून एका मोठ्या संगीत महोत्सवाचा माणूस दिल्लीत येणार होता. तो एका शनिवारी पाचला तळघरात येणार, आवडला तर बँड मुंबईला नेणार. मामांनी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, "जावईबापू, गुरप्रीतला तेवढी एक रजा." मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. रजेच्या कागदावर सहीही केली.

पाहुणे दिल्लीच्या रीतीने सव्वासहाला आले. टँकरने आपलं सगळ्यात लांबलचक गाणं सुरू केलं, आणि साडेसहाला वर गाडीचा हॉर्न वाजला. गुरप्रीतचे हात मंद झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. एवढ्यात मामा उठले. गाणं चालू असताना मामा उठले! माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. शेवटपर्यंत." तळघराच्या उंच खिडकीतून रस्त्यावरचे फक्त पाय दिसत. मामांच्या चपला गाडीपाशी गेल्या, ड्रायव्हरच्या बुटांसमोर थोडा वेळ थांबल्या, आणि गाडीत चढल्या. ड्रायव्हर म्हणे अडून बसला होता, "जी, पाँच सवारी लिखी हैं, पाँच ही ले जाऊँगा." मामांनी यादीत गॅरी म्हणून सही ठोकली आणि म्हणाले, "चलो, पाँचवाँ मैं." गाडी हलली तशी गुरप्रीतने मान खाली घातली आणि ड्रम असा वाजवला, असा वाजवला, की मी, माझ्यासारखा दगड, मामांच्या खुर्चीत मान डोलवू लागलो.

त्या भरातच घोळ झाला. गाणं एकदम थांबलं, मला वाटलं संपलं, मी उभा राहून टाळ्या पिटल्या, आणि मामांच्या खुर्चीतला माणूस उठलेला पाहून सगळं तळघर उठलं. प्रत्यक्षात गाणं नुसतं श्वास घ्यायला थांबलं होतं, खरा शेवट पुढे होता. पोरं गोंधळली आणि त्यांनी वाद्यं खाली ठेवली. डोळे पुसायला मी खिशातून रुमाल काढला, तर त्याबरोबर रजेचा कागद बाहेर आला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मुंबईचे पाहुणे मात्र म्हणाले, इतक्या धाडसाने गाणं तोडणारा बँड त्यांनी पाहिला नव्हता. टँकर मुंबईला गेला. माझा कागद सोमवारी मागच्या दाराने जागेवर पोचला आणि गॅरीची नोकरी वाचली. मामा त्या रात्री आमच्या कंपनीच्या गेटवर, आता पाहुण्यांसाठी चहा असतो का, अशी चौकशी करून रिक्षाने परत आले. मामी महिनाभर सांगत होत्या, हे रिटायर होऊन पुन्हा नोकरीला लागले.

बँड पुढे फुटलाच, बँड फुटतातच. गायक सिडनीला गेला. गुरप्रीतने वडिलांना घेऊन चंदीगडला दुकान टाकलं, दिवाळीला मामांना फोन करतो. तळघरात आता फिजिओथेरपी चालते. मामांनी त्या तीस खुर्च्यांतली एक घडीची खुर्ची वर व्हरांड्यात आणून ठेवली आहे. आणि मी गेलो की, इतकी वर्षं, ते एकच विचारत आले, "त्या गाण्याचा शेवट कसा झाला हो, जावईबापू? आयुष्यात तेवढंच एक अर्धवट सोडलं मी." मी दर वेळी सांगत आलो, छान झाला मामा, फार छान.

गेल्या महिन्यात मात्र खोटं बोलवेना. मामा थकलेत, उजव्या कानाने ऐकूही कमी येतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढली आणि टाळ्यांपासून कागदापर्यंत सगळं सांगून टाकलं. म्हणालो, मामा, ते संपलंच नाही. पुढे पोरांनी ते पुन्हा कधी वाजवलंही नाही.

 मामांनी बोटांनी गुडघ्यावर हलकेच काहीतरी वाजवलं, बेतालच, आणि म्हणाले, "अच्छा. मग उठायची घाई नको."

आतून मामींनी चहा निवतोय म्हणून दोनदा हाक मारली. आम्ही दोघेही बसून राहिलो.